रिचमंडचा संपादक

अग्रलेखाचे आयुष्य एका दिवसाचे. सकाळी तो लिहिला जातो, सायंकाळी वाचला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात वाणी हळद बांधून देतो. म्हणूनच अग्रलेखकांची चरित्रे सहसा कोणी लिहीत नाही. परंतु क्वचित एखादा अग्रलेख असा निघतो, की तो कागदावरून उठून विधिमंडळात जाऊन बसतो, तेथे त्याचा ठराव होतो, ठरावाचा कायदा होतो आणि अखेर तो एखाद्या शाळेच्या दारावर कुलूप होऊन लटकतो. मग मात्र त्याच्या लेखकाची चौकशी करणे इतिहासाला भाग पडते. श्रोतेहो, अमेरिकेतील विख्यात परंपरावादी स्तंभलेखक जेम्स जॅक्सन किलपॅट्रिक यांच्या बाबतीत नेमके हेच घडले.

किलपॅट्रिक यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२० रोजी ओक्लाहोमा सिटी येथे झाला. वडील इमारती लाकडाचे व्यापारी. मुलाने मिसूरी विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेतले आणि १९४१ साली तो व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड येथे 'रिचमंड न्यूज लीडर' या सायंदैनिकात बातमीदार म्हणून दाखल झाला. रिचमंड हे शहर साधे नव्हे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत जे यादवी युद्ध झाले, त्यात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची राजधानी हेच होते. ते युद्ध दक्षिणेने गमावले. परंतु पराभवाचीही एक श्रीमंती असते, आणि रिचमंडने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली.

या शहराच्या मनाचे राखणदार म्हणजे 'न्यूज लीडर'चे तत्कालीन संपादक डग्लस साउथॉल फ्रीमन. दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचे चार खंडांतील चरित्र लिहून त्यांनी पुलित्झर पारितोषिक मिळवले होते. पहाटे उठून कचेरीत येताना वाटेवरील ली यांच्या अश्वारूढ पुतळ्याला ते रोज सलामी देत, आणि लेखनाबरोबरच नभोवाणीवरूनही नित्य बोलत. (तो पुतळा २०२१ साली तेथून उतरवण्यात आला.) १९४९ साली फ्रीमन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी अग्रलेख लिहिण्याचे काम अठ्ठावीस वर्षांच्या किलपॅट्रिक यांच्याकडे आले. १९५१ मध्ये ते रीतसर संपादक झाले. परप्रांतातून आलेल्या या तरुणाने व्हर्जिनियाच्या परंपरेचा जो अभिमान धरला, तो पाहून एक गोष्ट मनात येते. घरजावई कधी कधी सासरच्या कुळाचाराला घरच्या मुलांहून अधिक जपतो.

संपादकपदाच्या या आरंभकाळातच त्यांच्या हातून एक मोठे काम झाले. ते प्रथम सांगितले पाहिजे. कारण ते सोडून बाकीचे सांगितले, तर या माणसावर अन्याय होईल, आणि ते सांगितल्यावर बाकीच्या गोष्टी अधिकच बोचतात. सायलस रॉजर्स नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण बूट-पॉलिश करून पोट भरत असे. १९४३ साली एका पोलिसाच्या खुनाबद्दल त्याला दोषी ठरवण्यात आले. त्या काळच्या दक्षिणेत गोरा पोलीस मेला आणि काळा माणूस पकडला गेला, की निकालाविषयी कोणी फारशी उत्सुकता बाळगीत नसे. किलपॅट्रिक यांनी ती बाळगली. खटल्याचे कागद मागवून त्यांनी साक्षी ओळीओळीने वाचल्या, त्यांतील विसंगती टिपल्या. मग ते स्वतः त्या रस्त्यांवर गेले. आरोपी कोठून कोठे गेला आणि त्याला पकडणारे पोलीस कोठे होते, हे पावलांनी मोजून पाहिले. साक्षीदार सांगत होते ते जुळत नव्हते. दोन वर्षे त्यांनी हा विषय वृत्तपत्रात लावून धरला आणि १९५२ साली गव्हर्नरने रॉजर्स याला माफी देऊन मुक्त केले. रिचमंडमधील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने या गोऱ्या संपादकाचे नाव आपल्या सन्मानयादीत घातले.

कागद तपासून, रस्ता चालून, डोळ्यांनी पाहून सत्य ठरवणारा असा हा माणूस. दोनच वर्षांनी त्याच्यासमोर दुसरा खटला आला. त्यात आरोपी एक माणूस नव्हता, सबंध समाजव्यवस्था होती.

अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्याने निराळ्या होत्या. 'विभक्त, पण समान' अशी त्यावर १८९६ सालच्या एका न्यायनिर्णयाची मोहोर होती. विभक्तपणा तंतोतंत पाळला जाई. समानतेची मात्र कोणी फिकीर करीत नसे. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत, फार्मव्हिल या गावी, कृष्णवर्णीयांचे एक हायस्कूल होते. विद्यार्थी वाढले तेव्हा त्यांच्यासाठी डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोपट्या उभारून देण्यात आल्या. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेतील सर्व विद्यार्थ्यांना एकत्र बोलावले आणि त्यांना घेऊन ती बाहेर पडली. त्या संपातून एक दावा उभा राहिला. तो आणि त्याच्यासारखे आणखी चार मिळून सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, आणि १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले, की सार्वजनिक शिक्षणात विभक्त व्यवस्था ही मुळातच असमान आहे. एक वर्षाने अंमलबजावणीचा आदेश निघाला. त्यात मुदतीची तारीख नव्हती. योग्य विचाराने, पण त्वरेने, अशा आशयाची सूचना तेवढी होती. विलंब करू इच्छिणाऱ्याला एवढी फट पुष्कळ झाली.

त्या फटीतून किलपॅट्रिक यांनी प्रवेश केला, तो मोठ्या विद्वत्तेच्या वेषात. विल्यम ओल्ड नावाच्या एका गावाकडील वकिलाने काढलेली पुस्तिका त्यांच्या हाती पडली. तिच्यात १७९८ सालच्या एका वादाची आठवण होती. त्या साली संघसरकारने सरकारवरील टीकेला शिक्षा ठरवणारा कायदा केला आणि काही संपादकांना तुरुंगात घातले. त्याविरुद्ध जेफर्सन यांनी केंटकीसाठी आणि मॅडिसन यांनी व्हर्जिनियासाठी ठराव लिहून दिले. संघसरकारने घटनेची मर्यादा ओलांडली, तर राज्याने ते सरकार आणि आपली प्रजा यांच्यामध्ये उभे राहावे, असा त्यांचा भावार्थ होता. या मध्ये उभे राहण्याला 'इंटरपोझिशन' असे नाव पडले. १८३० च्या सुमारास दक्षिण कॅरोलिनाचे कॅल्हून यांनी हाच धागा ताणून संघाचा कायदा राज्याला रद्दबातल मानता येतो असे प्रतिपादिले, तेव्हा वृद्ध मॅडिसन हयात होते, आणि आपल्या शब्दांचा हा अर्थ नव्हे असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. किलपॅट्रिक यांना मॅडिसन यांचे तारुण्य हवे होते, वार्धक्य नको होते.

नोव्हेंबर १९५५ पासून पुढे कित्येक आठवडे 'न्यूज लीडर'च्या संपादकीय पानावर इंटरपोझिशनचा जयघोष चालला. जुने ठराव पुन्हा छापले गेले, कॅल्हून यांची चित्रे झळकली, भाषा भारदस्त झाली. वृत्तपत्राच्या भाषेत आठवडाभर एकच विषय चालवणे म्हणजे अजीर्णाला आमंत्रण; परंतु येथे उलट झाले. अग्रलेखांची पुस्तिका निघाली आणि ती दक्षिणेकडील राज्याराज्यांतून गेली. १ फेब्रुवारी १९५६ रोजी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने इंटरपोझिशनचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, दक्षिण कॅरोलिना, लुइझियाना या राज्यांनीही तशीच पावले उचलली. पस्तीस वर्षांच्या एका संपादकाच्या लेखणीने एका अडगळीत पडलेल्या शब्दाला असे राज्यारोहण घडवले.

त्यांचे कौशल्य कशात होते, हे समजून घेण्यासारखे आहे. संघसरकारचे अधिकार किती आणि राज्यांचे किती, हा प्रश्न खोटा नाही. संघराज्यात राहणाऱ्या कोणत्याही नागरिकाला तो पडतो, आणि आपल्याकडील श्रोत्यांनाही तो अपरिचित नाही. अमर्याद केंद्रसत्तेला भिणारा परंपरावादी विचार हाही आदराने ऐकावा असाच विचार आहे. परंतु फार्मव्हिलच्या मुलांनी विचारलेला प्रश्न निराळा होता. आमच्या वर्गात पावसाळ्यात पाणी का गळते आणि थंडीत शेगडीजवळच्यांना घाम फुटतो व दूरच्यांना कोट का घालावा लागतो, असा तो प्रश्न होता. 'इंटरपोझिशन' या शब्दाने तो प्रश्न खोपटीतून उचलून घटनापंडितांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवला. तेथे जेफर्सन होते, मॅडिसन होते, सार्वभौमत्व होते; मुले मात्र कोठेच नव्हती. रॉजर्ससाठी रस्ते पायांनी मोजणारा हा संपादक या खेपेस खोपटीपर्यंत चालत गेला असता, तर काय झाले असते, हा प्रश्न मला त्यांच्या चरित्रात पुनःपुन्हा अडवतो.

शब्दांचे काम शब्दांनी केले; पुढचे काम राजकारण्यांचे होते. व्हर्जिनियाच्या राजकारणाची सूत्रे सिनेटर हॅरी बर्ड यांच्या हाती होती. १९५६ च्या फेब्रुवारीतच त्यांनी 'प्रचंड प्रतिकारा'ची घोषणा केली आणि त्याच वर्षी कायदे झाले. जी शाळा न्यायालयाच्या हुकुमाने काळ्या मुलाला प्रवेश देईल, ती गव्हर्नरने बंद करावी, अशी त्यांतील मुख्य तरतूद होती. सप्टेंबर १९५८ मध्ये तिची वेळ आली. फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल आणि नॉर्फोक येथील शाळांना टाळे लागले. सुमारे तेरा हजार विद्यार्थी घरी बसले, आणि त्यांतील फार मोठा भाग गोऱ्यांच्या मुलांचा होता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, अर्कान्सास राज्यातील लिटल रॉकच्या प्रकरणी, नऊही न्यायाधीशांच्या सहीने बजावले, की घटनेचा न्यायालयाने लावलेला अर्थ राज्यांवर बंधनकारक आहे.

आता गोऱ्या आईबापांची कुरकुर सुरू झाली, व्यापाऱ्यांना चिंता लागली. किलपॅट्रिक हे धूर्त सेनापती होते. त्याच नोव्हेंबरमध्ये रिचमंडच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी कबूल केले, की या कायद्यांची उपयुक्तता संपली आहे आणि नवी शस्त्रे शोधली पाहिजेत. १९ जानेवारी १९५९ रोजी राज्याच्या आणि संघाच्या अशा दोन्ही न्यायालयांनी एकाच दिवशी शाळाबंदीचे कायदे मोडीत काढले. २ फेब्रुवारीला नॉर्फोक आणि आर्लिंग्टन येथे एकवीस कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या शाळांत शिरली. आकाश कोसळले नाही. पुढच्या वर्षी लुइझियानाच्या खटल्यात न्यायालयाने सांगून टाकले, की इंटरपोझिशन हे घटनेतील तत्त्वच नव्हे.

येथे कथा संपायला हवी होती. परंतु अग्रलेखकाला आपले मत बदलून पुढे जाता येते. ज्यांनी ते मत खरे मानले, ते मागेच राहतात. प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी १९५९ च्या जून महिन्यात शाळांसाठी करच बसवायचा नाही असे ठरवले. कर नाही, म्हणून पैसा नाही. पैसा नाही, म्हणून सरकारी शाळाच नाही. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी शाळा लगेच उघडण्यात आली. सुमारे सतराशे काळी मुले उघड्यावर पडली. कोणाला दुसऱ्या काउंटीतल्या नातेवाइकांकडे पाठवले गेले, कोणाला क्वेकर पंथाच्या सेवाभावी मंडळींनी परराज्यांतील अनोळखी घरांत ठेवून शाळेत घातले, कोणी चर्चच्या तळघरात भरणाऱ्या वर्गांत चार अक्षरे गिरवली. आणि कित्येकजण शेतावर मजुरीला लागले ते पुन्हा पाटीकडे वळलेच नाहीत. हे एका वर्षाचे नव्हे. १९५९ ते १९६४, अशी पाच वर्षे त्या काउंटीत एकही सरकारी शाळा भरली नाही. चौथ्या वर्षानंतर, १९६३ मध्ये, देणग्यांवर चाललेल्या मोफत शाळांनी थोडा आधार दिला, आणि २५ मे १९६४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरकारी शाळा पुन्हा उघडल्या.

या पातकाचा सर्व भार एका संपादकावर टाकणे न्यायाचे होणार नाही. बर्ड यांचे यंत्र त्यांच्याशिवायही चालले असते. काउंटीचे कारभारी कॅल्हून वाचून कामाला लागले नव्हते. परंतु उघडउघड द्वेषाने बोलणारे लोक सभ्य माणसाला आवडत नाहीत. त्याला आपला द्वेष तत्त्वाच्या वस्त्रात हवा असतो. ते वस्त्र रिचमंडच्या कचेरीत विणले गेले.

या माणसाचे डोळे मधूनमधून उघडत, हे आणखी विलक्षण. २० फेब्रुवारी १९६० रोजी व्हर्जिनिया युनियन विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थी रिचमंडमधील दुकानांत, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहाराच्या जागी जाऊन शांतपणे बसले. दोन दिवसांनी 'न्यूज लीडर'मध्ये जो अग्रलेख आला, तो वाचून त्या पत्राचे नेहमीचे वाचक चकित झाले असतील. आत बसलेली काळी मुले कोट, पांढरे सदरे आणि टाय घालून आलेली, त्यांतला एक गटे वाचतो आहे, दुसरा जीवशास्त्राच्या पुस्तकातून टिपणे काढतो आहे. आणि बाहेर त्यांना चिडवायला जमलेला गोऱ्या पोरांचा बेशिस्त घोळका दक्षिणेचे निशाण फडकावतो आहे. हे दृश्य किलपॅट्रिक यांनी आपल्या हाताने लिहिले आणि ते विचार करायला लावणारे आहे, अशी कबुलीही दिली. त्या एका परिच्छेदात रॉजर्सच्या काळचा बातमीदार जागा झाला होता. पण दुसऱ्या दिवसापासून संपादक पुन्हा खुर्चीत येऊन बसला.

त्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९६० रोजी, राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्याशी त्यांचा वाद झाला. अशा रीतीने दुकानांत ठाण मांडून बसणे समर्थनीय आहे काय, हा विषय होता. किंग हे सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वीच भारतात येऊन, गांधीजींच्या सत्याग्रहाचे सहकारी व स्थळे पाहून परतले होते. किलपॅट्रिक यांनी वकिली डाव टाकला. न्यायालयाचा एक निर्णय आम्ही पाळावा असे तुम्ही म्हणता, मग दुसरे कायदे तुम्ही कसे मोडता? किंग यांनी उत्तर दिले, की जो अन्याय्य कायदा उघडपणे, प्रेमभावाने आणि शिक्षा भोगायच्या तयारीने मोडतो, तो कायद्याविषयी अधिक आदर दाखवतो. आपल्याला हे उत्तर ओळखीचे वाटते. त्या रात्री मात्र वादपटुत्वात संपादकाची सरशी झाली, असे चळवळीतील काही विद्यार्थ्यांनाही वाटून ते खिन्न झाले. वाद जिंकणे आणि बरोबर असणे या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही. पुढे २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या अफाट सभेत किंग यांनी आपल्या स्वप्नाचे जे भाषण केले, त्यात अलाबामाच्या गव्हर्नरच्या ओठांवरील 'इंटरपोझिशन' या शब्दाचाच उल्लेख होता. शब्द रिचमंडहून निघाला होता; तो तेथवर पोचला.

१९६२ साली किलपॅट्रिक यांनी विभक्त शाळांच्या समर्थनार्थ एक सबंध पुस्तक लिहिले. त्यात घटनेचा पडदा बराचसा बाजूला सरला आणि कृष्णवर्णीय वंशच कनिष्ठ आहे, हा मूळचा समज उघडा झाला. पुढल्या वर्षी त्याच सुरातला एक लेख त्यांनी एका मोठ्या राष्ट्रीय साप्ताहिकासाठी तयार केला. तो छापून येण्यापूर्वी, १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी, बर्मिंगहॅम येथील एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. लेख मागे घेण्यात आला.

येथून पुढे त्यांच्या आयुष्याला वळण लागले, आणि तेही किती बेमालूम! १९६४ साली त्यांनी 'परंपरावादी दृष्टिकोन' अशा नावाचे राष्ट्रीय सदर सुरू केले. दोन वर्षांनी रिचमंडची कचेरी सोडून ते वॉशिंग्टनच्या राजकारणाचे भाष्यकार झाले. कर, खर्च, न्यायालये, नोकरशाही, कामगार संघटना यांवर ते चुरचुरीत, स्वच्छ, विनोदी इंग्रजीत लिहीत. त्यांचे सदर १८० हून अधिक वृत्तपत्रांत छापले जाऊ लागले. वर्णभेदाचा जुना कैवार त्यांनी जाहीर शपथ घेऊन सोडला नाही. खोलीतला जुना पलंग माळ्यावर टाकावा तसा तो हळूच दृष्टीआड केला.

सत्तरीच्या दशकात तर ते घराघरांत पोचले. 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात उजव्या आणि डाव्या विचाराच्या वक्त्यांची एक छोटी झटापट होत असे. किलपॅट्रिक उजवीकडे असत. समोर प्रथम निकोलस व्हॉन हॉफमन आणि नंतर शॅना अलेक्झांडर. ही झटापट इतकी लोकप्रिय झाली, की विनोदी कार्यक्रमांत तिची नक्कल होऊ लागली, आणि नक्कल झाली की अमेरिकेत माणूस राष्ट्रीय मालमत्ता होतो. याशिवाय मूर्ख अधिकाऱ्यांच्या कचाट्यात सापडलेल्या नागरिकांचे दंड भरण्यासाठी त्यांनी १९५९ सालीच एक निधी काढला होता. डिकन्सच्या कादंबरीतील बम्बल या फुशारक्या चर्चसेवकाचे नाव त्याला दिलेले होते. व्यक्तीवर सरकारने केलेला जुलूम त्यांना खरोखरच सहन होत नसे. ती व्यक्ती एकटी असली म्हणजे त्यांना स्पष्ट दिसे.

निक्सन यांचे ते पाठीराखे होते. १९७४ च्या ऑगस्टमध्ये ध्वनिफितींनी राष्ट्राध्यक्षांचा खोटेपणा सिद्ध केला, तेव्हा आपण फसवले गेलो याची वेदना त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिली. त्यात त्यांनी घटनेचे दाखले दिले नाहीत की १७९८ सालापर्यंत मागे गेले नाहीत. विश्वास ठेवला आणि समोरचा माणूस खोटे बोलला, एवढेच सरळ लिहिले. स्वतःच्या जुन्या लिखाणाविषयी मात्र त्यांची लेखणी इतकी सरळ चालली नाही. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी म्हटले, की विसाव्या-तिसाव्या दशकांतील ओक्लाहोमात वाढलेला गोरा मुलगा मी, विभक्तपणा मी जगण्याची रीत म्हणून स्वीकारला. अठ्ठाविसाव्या वर्षीची मते पन्नासाव्या वर्षी तोंडावर फेकलेली कोणाला आवडतील? युक्तिवाद मोहक आहे. परंतु गणित तपासावे. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांच्या हाती नुकतेच संपादकीय पान आले होते. इंटरपोझिशनचे अग्रलेख त्यांनी पस्तिसाव्या वर्षी लिहिले आणि विभक्त शाळांचे पुस्तक एक्केचाळिसाव्या. साक्षींतील विसंगती शोधण्यात निष्णात असलेल्या माणसाने स्वतःच्या साक्षीत सात ते तेरा वर्षे गाळली.

दुसरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कृष्णवर्णीयांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत काही प्राधान्य देण्याच्या योजना पुढे निघाल्या, तेव्हा किलपॅट्रिक यांनी त्यांना कडाडून विरोध केला. राज्यघटनेने रंगाकडे पाहूच नये, हा त्यांचा नवा मुद्दा होता. त्या योजनांविषयी मतभेद असू शकतात, आणि प्रामाणिक माणसांचे आहेतही. पण घटना रंगांधळी आहे हे १८९६ च्या खटल्यातील एकट्या विरोधी न्यायाधीशाचे म्हणणे होते, आणि ज्यांनी ते १९५४ नंतर दशकभर अमान्य केले त्यांत हे संपादक अग्रभागी होते.

पुढे ते व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात राहू लागले. स्क्रॅबल नावाच्या खेडेगावातून ते सदर धाडीत आणि ऋतूंचे, झाडांचे, शेजाऱ्यांचे मोठे गोड वर्णन करीत. इंग्रजी शब्दांच्या नेमक्या वापरावर त्यांनी 'लेखकाची कला' हे सदर चालवले. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक १९८४ साली निघाले आणि नवशिक्या लेखकांना ते फार आवडले. शब्द अचूक हवा, धूसर नको. पाहिलेले लिहा, ऐकीव लिहू नका, असा त्यातील उपदेशाचा रोख. पहिली पत्नी निवर्तल्यावर १९९८ मध्ये त्यांनी मेरिअॅन मीन्स या उदारमतवादी स्तंभलेखिकेशी विवाह केला. म्हणजे दूरचित्रवाणीवरील वाद शेवटी घरी आला असे म्हणायला हरकत नाही. भाषेचे सदर जानेवारी २००९ पर्यंत चालले. १५ ऑगस्ट २०१० रोजी वॉशिंग्टन येथे, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, किलपॅट्रिक वारले.

त्याआधी सहा वर्षे, २००४ साली, व्हर्जिनिया राज्याने एक शिष्यवृत्ती योजना केली होती. शाळा बंद ठेवल्यामुळे ज्यांचे शिक्षण बुडाले, अशा व्हर्जिनियावासीयांना पुढे शिकता यावे म्हणून ती होती. प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५९ साली ज्यांचे पहिलीत जायचे वय झाले होते, ती मुले आता पन्नाशीच्या पलीकडे होती, आणि मोठी होती ती साठीला आलेली. त्यांतील काहीजणांनी अर्ज भरले, आणि नातवंडे शाळेत जाऊ लागल्यावर ती माणसे पुन्हा वर्गात जाऊन बसली.